देव माणूस झाला म्हणजे काय झाले? : एक प्रस्तावना

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग कळमन्यावरून पुढे कामठीला आणि कन्हानला जातो. आज कळमना म्हटले की मिरची, संत्री आणि धान्याचा घाऊक बाजार आठवतो. पण ज्या विषयाची ओळख इथे करून द्यायची आहे, त्याच्या मराठी इतिहासातला एक महत्त्वाचा प्रवास याच दिशेने झाला होता. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तिशी ओलांडलेले, नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेले, कवी म्हणून नाव होऊ लागलेले हे गृहस्थ. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला, संस्कृत काव्यावर बोलणे झाले आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांत, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात, ते अडकून पडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही हकिगत पुष्कळदा सांगितली जाते, पण तिच्यातला क्रम सहसा कोणी पाहत नाही. टिळकांना त्या पानांत आधी भेटला तो एक शिकवणारा माणूस. त्याचे बोलणे मनात घर करून बसले, मग त्याचे जगणे डोळ्यांपुढे आले, आणि असा बोलणारा व असा जगणारा हा आहे तरी कोण, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. देव माणूस झाला या ख्रिस्ती श्रद्धेकडे जाण्याचा हाच खरा रस्ता आहे, आणि तो उलट्या बाजूने चालू लागले की माणूस हमखास वाट चुकतो, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

ही श्रद्धा नेमकी काय आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण तिच्याविषयीचे बरेच वाद तिच्याशी होतच नाहीत, तिच्या सावलीशी होतात. ख्रिस्ती माणूस असे मानतो की ज्या एकमेव देवाने विश्व निर्माण केले, त्याचा सनातन शब्द, त्याचा पुत्र, गालीलातल्या नासरेथ गावच्या येशूच्या रूपाने माणूस म्हणून जगला. शुभवर्तमानकार लूकने ही हकिगत काळाच्या खुंटीला बांधली आहे : तिबेरियस कैसराच्या राज्याचे पंधरावे वर्ष, यहूदियाचा सुभेदार पंतय पिलात. इ. स. 325 मध्ये निकिया येथे आणि 451 मध्ये खल्केदोन येथे जमलेल्या धर्मसभांनी या श्रद्धेला काटेकोर शब्द दिले. येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे. ही दोन्ही स्वरूपे एकमेकांत मिसळून गेलेली नाहीत आणि एकमेकांपासून तुटलेलीही नाहीत. म्हणजे अर्धा देव आणि अर्धा माणूस असा हा प्रकार नाही. माणसाचे सोंग घेतलेला देव नव्हे, की देवपदाला चढवलेला माणूसही नव्हे. अशा दोन्ही कल्पना पुढे आल्या होत्या आणि दोन्ही चर्चने नाकारल्या.

विदर्भातल्या वाचकाच्या कानावर हे पडले की त्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा अशी असते : यात नवीन ते काय? आमच्याकडे तर देव युगायुगाला जन्म घेतो. ही प्रतिक्रिया उडवून लावण्यासारखी नाही, कारण मराठी माणूस या श्रद्धेपाशी कोऱ्या मनाने येत नाही आणि त्याने तसे येण्याची गरजही नाही. उलट मला असे वाटते की विदर्भाजवळ या विषयात शिरण्याचे जे दार आहे, ते भारतात इतरत्र क्वचितच असेल. ते दार म्हणजे ‘लीळाचरित्र’. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या लोकांनी मराठी गद्याचा पाया घातला. परमेश्वर चक्रधरस्वामींच्या रूपाने माणसांत वावरला, अशी त्यांची श्रद्धा. स्वामींच्या प्रयाणानंतर ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी काय केले? स्तोत्र रचले नाही की महाकाव्य लिहिले नाही. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापाशी बसून, आणि ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, एकेक आठवण त्यांनी विचारून घेतली. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, कोणती बाई काय विचारून गेली, कोणत्या झाडाखाली आसन झाले. बाइसा, महदाइसा या शिष्यांची बोलणी त्यात जशीच्या तशी आली. परमेश्वराविषयीचा सर्वांत मोठा दावा त्यांनी रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक नोंदींवर उभा केला. साक्षीदाराची आठवण हेच त्यांचे प्रमाण.

चार शुभवर्तमाने वाचणाऱ्याला हीच जात ओळखू येईल. मार्क सांगतो की वादळात होडी पाण्याने भरू लागली तेव्हा येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता. त्या उशीला कोणताही सिद्धान्त चिकटलेला नाही. ती कोणाच्या तरी डोळ्यांत राहून गेली म्हणून लिहिली गेली. योहान सांगतो की शोमरोनातल्या विहिरीपाशी तो थकून बसला आणि पाणी भरायला आलेल्या एका परक्या, लोकांनी कमी लेखलेल्या बाईकडे त्याने पाणी मागितले. मित्राच्या थडग्यापाशी तो रडला. मंदिरात तो रागावला. अंजिराच्या झाडापाशी त्याला भूक लागली. जे लोक या माणसाला देव म्हणत होते, त्यांनीच हे तपशील जपले. देवत्वाची कथा रचायला बसलेला माणूस सहसा असले तपशील गाळतो. दुसऱ्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या काही बनावट शुभवर्तमानांत ते गाळलेही गेले. तिथे लहानगा येशू मातीच्या चिमण्या उडवतो आणि अंगावर आलेल्या पोराला शापाने मारतो. मंडळीने, म्हणजे चर्चने, ती पुस्तके स्वीकारली नाहीत. चमत्कारांनी खच्चून भरलेली बाळलीला बाजूला ठेवून थकणारा, रडणारा सुतार जवळ केला, ही निवडच या श्रद्धेचा स्वभाव सांगते.

पण साम्य दाखवून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. महानुभाव परंपरेत परमेश्वर देह स्वीकारतो त्याचे निरनिराळे प्रकार मानले आहेत. चक्रधरांच्या बाबतीत असे सांगितले जाते की गुजरातेतल्या हरिपाळ नावाच्या प्रधानपुत्राचा मृत्यू झाला आणि त्या मृत देहात, परमेश्वराचा आधीचा अवतार मानल्या जाणाऱ्या चांगदेव राउळांच्या शक्तीने प्रवेश केला. म्हणजे देह आधीपासून होता, एक आयुष्य त्यात जगून झाले होते, आणि परमेश्वराने तो वस्त्रासारखा धारण केला. ख्रिस्ती श्रद्धा इथे वेगळी वाट धरते. ती म्हणते की मरियेच्या उदरात जो वाढला, तो कोणाचा तरी देह पांघरून आलेला नव्हता. ते माणूसपण त्याचे स्वतःचे होते. लूक लिहितो की तो मुलगा ज्ञानाने आणि अंगाने वाढत गेला. वाढत गेला, म्हणजे आधी त्याला जे कळत नव्हते ते पुढे कळू लागले. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की शेवटची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. न कळणे हादेखील माणूसपणाचा भाग आहे आणि तोही त्याने टाळला नाही. दुसरा फरक शेवटाचा. कृष्णाला पारध्याचा बाण लागतो आणि लीला संपते. चक्रधर उत्तरापंथे निघून गेले असे महानुभाव मानतात. येशूला मात्र रोमन सरकारने गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा दिली, उघड्यावर, लोकांच्या देखत. आणि ख्रिस्ती माणूस म्हणतो की देव कसा आहे हे जर कुठे सर्वांत स्पष्ट दिसत असेल, तर ते तिथे. कोणती परंपरा श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी ही तुलना मांडलेली नाही. दोन दावे वेगळे आहेत आणि ‘सगळे एकच’ म्हटल्याने दोघांचाही अपमान होतो, एवढ्यासाठी ती मांडली.

आता आक्षेप. पहिला आक्षेप इतिहासाचा आहे : येशू साधा उपदेशक होता, शिष्यांच्या पुढच्या पिढ्यांनी, ग्रीक जगाच्या संगतीने, त्याला देव करून टाकले. हा आक्षेप तपासता येतो, आणि तपासला की तो ढिला पडतो. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे साधारण इ. स. 50 ते 60 या दशकातली, म्हणजे क्रूसाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतली. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक स्तोत्रासारखा मजकूर येतो. देवाच्या स्वरूपात असूनही ज्याने स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले, अशा ख्रिस्ताविषयीचा. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तो पौलाच्याही आधी मंडळीत म्हटला जात असावा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, एकच देव या यहुदी कबुलीच्या आतच पौल येशूला आणून बसवतो. आणि हे करणारे लोक कोण? जे दिवसातून दोनदा देव एकच आहे असे म्हणत वाढले, कैसराच्या पुतळ्यापुढे न झुकण्यासाठी जीव द्यायला तयार होते, असे यहुदी. माणसाला देव म्हणणे ही ज्यांच्या दृष्टीने सर्वांत भयंकर निंदा, त्यांच्यातच ही श्रद्धा उगवली. 112 च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. यावरून ती श्रद्धा खरी होती असे सिद्ध होत नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ती उशिरा जोडलेली नव्हती, एवढेच सिद्ध होते. पण तेवढ्याने आक्षेपाचा पाया सरकतो.

दुसरा आक्षेप बुद्धीचा : जो अनंत आहे तो साडेपाच फुटांच्या देहात कसा मावेल? इस्लामचा हा आक्षेप आहे, आर्यसमाजाचा आहे, आणि मराठी लोकांत तो सर्वांत धारदारपणे मांडला तो एका ख्रिस्ती बाईने. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी आपल्या हितचिंतक धर्मभगिनींना व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. देव एकच असताना पुत्राला देव म्हणायचे कशाच्या आधारावर, चर्चने ठरवले म्हणून मी का मानू, मला शास्त्रात दाखवा, असा त्यांचा रोखठोक सवाल. अंगावर घालायच्या क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नको, हेही त्यांनी विचारले. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी, जे स्वतः शास्त्रार्थातून ख्रिस्ती झालेले मराठी पंडित होते, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्यांना दीर्घ पत्र लिहिले. रमाबाईंची शंका युक्तिवादाने एका झटक्यात मिटली नाही. त्या अमेरिकेत गेल्या, मुंबईत शारदा सदन काढले, आणि 1891 च्या सुमारास ही श्रद्धा त्यांच्या अनुभवाची झाली असे त्यांनीच लिहून ठेवले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच मुलखाच्या आसपास, फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन वाढले. ख्रिस्ताच्या देवत्वाला सर्वांत कडक प्रश्न विचारणारी बाईच पुढे भुकेल्या शरीरांची सर्वांत जास्त काळजी घेते, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. देवाने देह घेतला यावर ज्याचा विश्वास बसतो, त्याला कोणताही देह क्षुल्लक वाटणे अवघड जाते.

अनंत देहात कसा मावेल या प्रश्नाला चौथ्या शतकातल्या अथनासियस या ख्रिस्ती धर्मपंडिताने उत्तर दिले आहे. त्याचे म्हणणे असे की शब्द देहात आला तेव्हा तो देहात कोंडला गेला नाही. विश्व सांभाळणारा तो विश्व सांभाळतच होता. आक्षेपामागे एक गृहीतक दडलेले आहे : देव म्हणजे एक प्रचंड मोठी वस्तू आणि देह म्हणजे लहान भांडे. देव वस्तूच नसेल, तर मावण्याचा प्रश्न तसा उरत नाही. मग प्रश्न असा होतो की देव स्वतःविषयी जे सांगू इच्छितो ते एका माणसाच्या आयुष्यात पुरेपूर सांगता येईल का. माणसाला प्रेम, न्याय, क्षमा या गोष्टी कळतात त्या दुसऱ्या माणसाच्या वागण्यातूनच. मग सांगायला याहून बरे साधन कोणते असेल, हे आक्षेप घेणाऱ्याने सांगावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो नागपुरातच उच्चारला गेला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली चौथी देवाच्या जन्माची आणि अवताराची कल्पनाच नाकारते, आणि पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवण्याचा खोटेपणा फेटाळते. या नकाराला तर्कशास्त्रातला एक मुद्दा म्हणून पाहणे म्हणजे तो न समजणे. देव कोणत्या कुळात उतरला, कोणाच्या बाजूने लढला, कोणती व्यवस्था टिकवायला आला, हे ज्यांनी ठरवले त्यांनी त्या कथांच्या जोरावर माणसांना माणूसपणातून हाकलले, हा अनुभव त्या प्रतिज्ञेमागे आहे. म्हणून देव माणूस झाला असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला नागपुरात एक प्रश्न टाळता येत नाही : कोणता माणूस झाला? ख्रिस्ती ग्रंथाचे उत्तर स्वच्छ आहे. त्याच्या गावचे लोकच हिणवून म्हणतात की हा तर तो सुतार. कुष्ठरोग्याला तो हात लावतो. शेवटच्या रात्री तो कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतो, जे काम घरातल्या गुलामाचे. आणि मरतो तो गुलामाच्या मरणाने. देव वरच्या पायरीवर जन्मला असता, तर बाबासाहेबांचा आक्षेप या श्रद्धेलाही तंतोतंत लागू झाला असता.

पण बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाकडेही बारकाईने पाहिले होते. धर्मांतर केलेल्या दलिताची स्थिती प्रत्यक्षात किती बदलली, चर्चने त्याच्यावरील अन्यायाविरुद्ध किती तोंड उघडले, असे त्यांनी आपल्या लेखनात विचारले आणि त्यांना मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते. बाबासाहेबांचे म्हणणे बरोबर होते. भारतातल्या चर्चमध्ये जात टिकली आहे. काही ठिकाणी दफनभूमीतही ती टिकली. त्यात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. पण सरकारच्या अन्यायाकडे बोट दाखवून चर्चची जबाबदारी संपत नाही. ज्या चर्चमध्ये एक ख्रिस्ती दुसऱ्याला जातीने हलका मानतो, तिथे देव माणूस झाला ही श्रद्धा मोडलेली असते, मग रविवारी निकियाचा मतांगीकार कितीही मोठ्याने म्हटला तरी. ही श्रद्धा खोटी ठरवण्याचे सर्वांत भक्कम साधन नास्तिकांच्या नव्हे, ख्रिस्ती लोकांच्याच हातात आहे.

नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासात या श्रद्धेला अनुसरून वागल्याची उदाहरणेही आहेत. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 पासून इथे राहिले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गीते टिपली, दगड आणि जीवाश्म अभ्यासले, आणि 1863 मध्ये नागपूरजवळच पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 पासून उभे आहे. ज्या लोकांत राहायचे त्यांची भाषा, त्यांची माती आधी समजून घ्यायची, ही वृत्ती त्या श्रद्धेला शोभणारी होती. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या माणसाला, यावर त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मतभेद होते. येशू कोण, यावर नव्हते. एकत्र येणे शक्य झाले ते त्यामुळे.

ही श्रद्धा मराठीत मांडण्याचे काम फार जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केले. टिळक 1919 मध्ये गेले आणि राहिलेला फार मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. येशूच्या मागे चालू लागायला आधी सिद्धान्ताची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून जाणले होते. पहिल्या शिष्यांचेही तसेच झाले. ते आधी त्याच्याबरोबर चालले, जेवले, घाबरले, भांडले. हा आहे तरी कोण, असे वादळ शमल्यावर एकमेकांना विचारू लागले. आणि ‘माझा प्रभू, माझा देव’ हे शब्द थोमाच्या तोंडी येतात ते अगदी शेवटी, जखमा पाहिल्यावर.

म्हणून वाचकाला विनंती अशी की निकिया आणि खल्केदोन यांच्यापासून सुरुवात करू नका, आणि वादापासून तर नकोच. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. ते आधी वाचा, शेजारी ‘लीळाचरित्रा’तल्या पंधरा-वीस लीळा ठेवा, आणि बाबासाहेबांचा प्रश्न हातात घेऊन दोन्ही तपासा. त्यानंतर जे मत होईल, मग ते या श्रद्धेच्या बाजूचे असो की विरुद्ध, ते तुमचे स्वतःचे असेल, आणि पुढील पाने त्याच मतासाठी लिहिलेली आहेत.

कळमना, नागपूर